गांव करील तें राव करील काय ?



‘बारा वर्षांनीं उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण आपण घरांतील वडील मंडळींच्या तोंडून ऐकली असेल. म्हणींत उकिरडा हा दैन्याचा नमुना म्हणून आला आहे; परंतु जुन्या शेतकऱ्याच्या हिशेबीं तो घरची ठेव होता. गोठ्यांतील शेण, चुलींतील राख, अंगणांतील केर, गुरांनीं टाकलेलीं चिपाडें आणि स्वयंपाकघरांतील खरकटें हीं सर्व त्याच्या पोटांत जात, आणि मृग निघण्यापूर्वीं तीच ठेव गाड्यांत भरून शेतावर पोंचे. शेतानें घरास जें दिलें तें घर शेतास परत करी. या देवघेवींत कोणीं कोणावर उपकार केला असें कोणास वाटत नसे.

आतां आपल्या नातेपुत्याकडे पाहूं. पुण्याहून पंढरपुरास जाणाऱ्या वाटेवरचें हें माळशिरस तालुक्यांतील बाजारपेठेचें गांव. शिखर शिंगणापुरास जाणारे यात्रेकरू येथून वळतात. श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण व बरड हे मुक्काम मागें टाकून सोलापूर जिल्ह्यांत शिरते, तेव्हां तिचा मुक्काम येथें पडतो. पूर्वींची ग्रामपंचायत जाऊन येथें आतां नगरपंचायत आली आहे. कोणत्याही गांवाचें शहर होऊं लागलें म्हणजे शेतें दूर जातात, गोठे कमी होतात, घरास घर लागतें; उकिरडा मात्र जागच्या जागीं राहतो. त्याचें शेत त्याला सोडून गेलेलें असतें. त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या पडूं लागल्या कीं त्याचें धड खतही होत नाहीं. दोन घरांमधील रिकामी जागा कोणाचीच नाहीं असें समजून सर्वजण तेथें केर टाकतात. मोरीचें पाणी बोळांत सांचतें, आणि त्यावर डांसांची वस्ती होते.

हें कोणीं सुधारावें ? लोक म्हणतात, ‘पंचायतीनें’. पंचायत म्हणते, ‘लोकांनीं’. दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे, आणि दोन अर्धीं सत्यें एकत्र आलीं नाहींत म्हणजे केर जेथें असतो तेथेंच राहतो. हीं दोन अर्धीं एकदां कशीं जुळलीं, त्याची एक खरी हकीकत या पाठांत सांगावयाची आहे. ती घडली इंदुरास. आणि इंदूर जरी येथून दूर असलें तरी तेथील राजघराणें मूळचें आपल्याच नीरा नदीच्या कांठचें. नीरेकांठच्या होळ गांवावरून ‘होळकर’ हें आडनांव पडलें, हें तुम्हांस इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक असेलच.

एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एक गलिच्छ वाडा

या हकीकतीचे नायक पॅट्रिक गेडिस हे १८५४ सालीं स्कॉटलंडमध्यें जन्मले. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. झाड कोणत्या मातींत, कोणत्या उजेडांत व कोणत्या शेजाऱ्यांत वाढतें हें पाहतां पाहतां, माणूस कोणत्या गल्लींत वाढतो हेंही पाहिलें पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. विवाहानंतर ते पत्नीसह एडिंबरो शहराच्या जुन्या भागांतील एका दाट वस्तीच्या वाड्यांत राहावयास गेले. तेथें त्यांनीं शेजाऱ्यांस उपदेश करण्याआधीं स्वतः कुंचा हातीं घेतला. भिंतींस सफेदी झाली, खिडक्यांत फुलझाडें आलीं, आणि हळूहळू शेजारीही कामास लागले. पुढें त्यांच्या मंडळीनें त्या जुन्या शहरांतील पडक्या व मोकळ्या जागांची मोजणी केली. आणि त्यांची कन्या नोरा हिच्या देखरेखीखालीं त्यांपैकीं कित्येक जागांवर बागा झाल्या. त्या बागांत गल्लींतील मुलें खेळत व झाडांची निगाही राखीत.

या अनुभवावरून गेडिस यांनीं एक तत्त्व बसविलें. दाट वस्ती सुधारावयाची म्हणजे सरसकट घरें पाडून रुंद रस्ता काढावयाचा, ही त्या काळची रीत होती. गेडिस म्हणत कीं, यामुळें गरीबांचीं घरें जातात, ते दुसऱ्या गल्लींत जाऊन दाटी करतात, आणि रोग तेवढा जागा बदलतो. चांगला वैद्य शरीरावर लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करतो. तसेंच नगररचनाकारानें एखादें पडकें घर तेवढें काढावें, तेथें लहानसा चौक करावा, त्यांत झाड लावावें, विहीर स्वच्छ करावी, आणि बाकीची वस्ती जागच्या जागीं राहूं द्यावी. १९१४ सालीं हिंदुस्थानांत आल्यावर त्यांनीं मद्रास इलाख्यांतील व इतर अनेक शहरांसाठीं अशाच प्रकारच्या सूचना लिहून दिल्या. पुढें १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचें अध्यापन सुरू केलें, तें त्यांच्याच हातून.

इंदूरची दिवाळी

महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकीर्दींत गेडिस इंदुरास आले. त्यांचा इंदूर शहरासंबंधींचा दोन भागांतील अहवाल १९१८ सालीं छापला गेला. ते आले तेव्हां शहरांत प्लेगची धास्ती होती. नकाशाचीं भेंडोळीं घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा हा दाढीवाला साहेब पाहून लोक बिचकत. हा आपलीं घरें पाडावयास आला आहे, अशी पुष्कळांची समजूत झाली. हुकूम काढून ही समजूत गेली नसती. तेव्हां गेडिस यांनीं दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली : दिवाळीपुरतें एक दिवसाचें महाराजपण आपणांस मिळावें. ती मान्य झाली.

या एक दिवसाच्या रावानें काय केलें, तें त्यांनीं स्वतः सांगून ठेविलें आहे. प्रथम शहरांत दवंडी फिरली कीं, यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार. परंतु तिचा मार्ग नेहमींचा असणार नाहीं. ज्या रस्त्यावर अधिकांत अधिक घरें झाडून, सारवून व दुरुस्त करून ठेविलेलीं दिसतील त्या रस्त्यानें ती जाईल. घरांतील केरकचरा व अडगळ फुकट वाहून नेण्यासाठीं सरकारी गाड्या दाराशीं येतील. मग काय विचारतां ! जो तो आपल्या गल्लीसाठीं झटूं लागला. घरांतून व चौकांतून सहा हजारांवर गाड्या केर बाहेर पडला. शेंकडों वर्षें न हललेले कोपरे हलले, आणि उंदरांचीं बिळेंही त्यांबरोबर उघडीं पडलीं.

मिरवणुकींत हत्ती, घोडे, शेतीचे व धंद्यांचे देखावे होते. मागाहून घाणीचा एक प्रचंड राक्षस व प्लेगचा एक मोठा उंदीर असे पुतळे आले. आणि त्यांच्या पाठोपाठ कोण आले असतील ? शहराचे झाडूवाले ! पांढरे स्वच्छ कपडे, डोक्यास नवीं पागोटीं, हातांत नवे झाडू, गळ्यांत हार; त्यांच्या गाड्या रंगविलेल्या आणि बैलांचीं शिंगें शृंगारलेलीं. ज्यांच्याकडे पाहतांना लोक मान फिरवीत, त्यांस त्या दिवशीं शहरानें मान दिला. मग बागांचा व नव्या घरांचा देखावा आला, आणि लोकांस तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं. रात्रीं राक्षस व उंदीर यांचें दहन झालें.

प्लेग पुढें ओसरला. त्याचें सर्व श्रेय मिरवणुकीस देणें शास्त्रास धरून होणार नाहीं. कारण प्लेगची सांथ ऋतुमानाप्रमाणेंही चढते व उतरते. परंतु उंदरांचा आसरा मोडला आणि लोकांची भीति मोडली, या दोन गोष्टी निःसंशय झाल्या. गेडिस यांच्या युक्तीचें मर्म येथें नीट पाहा. गाड्या दरबाराच्या, श्रम घरोघरच्या, कौशल्य झाडूवाल्यांचें, आणि मान सर्वांचा. प्रत्येकाकडे कांहीं काम होतें व प्रत्येकाच्या पदरांत कांहीं पडलें. भागीदारी म्हणतात ती हीच. ‘गांव करील तें राव करील काय’ ही म्हण खरी. आणि या प्रसंगीं राव शहाणा होता म्हणून त्यानें आपला एक दिवस गांवाच्याच हातीं दिला.

उत्सव सरल्यावर

तथापि मित्रहो, एक शंका तुमच्या मनांत आलीच असेल. सहा हजार गाड्या केर बाहेर नेला, तो टाकला कोठें ? आणि दुसऱ्या दिवशींचा केर ? उत्सवानें आरंभ होतो. परंतु टिकतें तें नित्यक्रमानें. गेडिस यांनाही हें ठाऊक होतें. शहराची घाण नळांतून नदींत सोडण्यापेक्षां ती मातीस परत द्यावी, शहराभोंवतीं व शहरांत बागा पिकवाव्या, असा त्यांच्या अहवालाचा आग्रह होता. येथें एक गोष्ट आजच्या ज्ञानानें जोडली पाहिजे : मैलापाणी कच्चें असतां भाजीस घातलें तर जंतांचीं अंडीं व रोगजंतु पोटांत जातात. म्हणून मातीस परत देणें हें तत्त्व बरोबर असलें तरी, देण्यापूर्वीं शुद्ध करण्याची रीत हवी.

केरकचऱ्यापुरती ती रीत त्याच इंदुरांत सांपडली. १९२४ सालीं तेथें वनस्पतिसंवर्धनाची एक संशोधनसंस्था निघाली. तिचे प्रमुख सर आल्बर्ट हॉवर्ड. त्यांस व त्यांच्या शास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल यांस बिहारांतील पुसा येथील दीर्घ अनुभव होता. संस्थेला जमीन इंदूर दरबारानें दिली आणि खर्चाचा भार मध्यवर्ती कापूस समिति व मध्य हिंदुस्थानांतील संस्थानें यांनीं उचलला. म्हणजे येथेंही भागीदारीच होती. हॉवर्ड यांचे सहकारी यशवंत वाड या नांवाचे मराठी रसायनशास्त्रज्ञ होते. त्या दोघांनीं मिळून १९३१ सालीं शेतींतील टाकाऊ पदार्थांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांतील खताची पद्धति ‘इंदूर पद्धति’ या नांवानें जगभर गेली. आज ज्याला ‘कंपोस्ट’ म्हणतात त्याच्या इतिहासांत आपल्या एका भाषाबंधूचें नांव आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

ही पद्धति अशी. वाळला पाला, काटक्या, चिपाडें यांचा एक थर घालावा. त्यावर शेण व गोठ्यांतील मुताची माती पसरावी. थोडी राख भुरभुरावी आणि पाणी शिंपडावें. असे थरावर थर रचावे. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी भरतें, म्हणून तेव्हां ढीग जमिनीवर करावा. सुमारें पंधरवड्यानें ढीग पहिल्यानें उलथावा, महिन्यानें दुसऱ्यांदां, दोन महिन्यांनीं तिसऱ्यांदां. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत व दुर्गंधरहित खत हातीं येतें. यांतील शास्त्र सोपें आहे. वाळल्या पाल्यांत कर्ब पुष्कळ व नत्र थोडें. शेणांत नत्र अधिक. दोहोंचा मेळ बसला आणि हवा व ओल मिळाली म्हणजे सूक्ष्म जीव झपाट्यानें वाढतात. त्यांच्या कार्यानें ढिगांत एवढी उष्णता होते कीं आंत हात ठेववत नाहीं. त्यांत माश्यांच्या अळ्या व पुष्कळसे रोगजंतु मरतात. ढीग उलथण्याचा आळस केला तर हवा मिळत नाहीं, आणि दुर्गंध सुटतो. म्हणजे दुर्गंध हा केराचा दोष नसून आपल्या आळसाचा आहे !

१९३४ सालीं जॅक्सन व वाड यांनीं हीच पद्धति शहरांतील वस्तीच्या केरासाठीं कशी वापरावी, यावर पुस्तिका काढली. त्यानंतर पुष्कळ काळ लोटला. स्वतंत्र भारतांत इंदुरानें स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळां पहिला क्रमांक मिळविला. शेवटच्या वेळीं सुरत शहर त्याच्या बरोबरीस होतें. यालाही मूळ कारण घरोघरीं ओला व सुका केर निराळा ठेवणें हेंच सांगतात.

मुंबई आणि पुणें

आपल्या महाराष्ट्रांतही असे प्रयत्न झाले आहेत. मुंबईंत तेव्हांच्या पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहांत भाजीचीं देठें, सालें व खरकटें रोज ढिगांनीं निघे. २००२ च्या सुमारास तेथील मंडळींनीं तें गच्चीवर नेऊन कुजविण्यास आरंभ केला, आणि त्यांतून झालेल्या मातींत पिंपें व वाफे भरून भाज्या व फळझाडें लावलीं. सिमेंटच्या छपरावर शेत आलें ! शेती म्हटली कीं एकर मोजावे लागतात असें आपणांस वाटतें. गणिताचे अध्यापक असलेले व ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक श्रीपाद अच्युत दाभोळकर आयुष्यभर याच्या उलट सांगत आले : पानावर पडणारें ऊन हें खरें भांडवल, आणि तें गच्चीवरही तेवढेंच पडतें.

पुण्याची गोष्ट झाडूवाल्यांच्या मानाची आहे. कचऱ्यांतून कागद, कांच व पत्रा वेंचून पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली. तिच्यांतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं तिचा पुणें महानगरपालिकेशीं करार झाला. सभासद घरोघर जाऊन केर घेतात. घरवाले त्यांस दरमहा मोबदला देतात. पालिका साधनें व जागा पुरविते. इंदुरास जो मान एक दिवस मिळाला, त्याला येथें कराराचें व रोजच्या मिळकतीचें रूप आलें.

आपल्या गांवीं काय करतां येईल ?

आपला मुलूख पर्जन्यछायेचा. नीरा उजव्या कालव्यानें तालुक्याच्या पुष्कळ भागास बागाईत दिलें खरें, तरी चैत्र-वैशाखांत गल्लींतील नळाकडे डोळे लावून बसण्याची पाळी येते. म्हणून आपल्या परसबागेचा पहिला नियम असा कीं, तिला पिण्याचें पाणी मागूं नये. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर केळ, आळू व कर्दळ लावीत. साबणाचा अंश कमी असलेलें, भांड्या-तांदुळांचें धुवण अशा झाडांस खुशाल द्यावें. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर तें शिंपूं नये.

दुसरा नियम खताचा. आणि येथें नातेपुत्यास जी सोय आहे ती इंदुरासही नव्हती. आषाढी एकादशीच्या आधीं पालखीचा मुक्काम आपल्याकडे असतो. त्या रात्रीं घरोघरीं व दिंड्यादिंड्यांतून जेवणावळी होतात. पालखी पुढें माळशिरसकडे निघाली म्हणजे मागें पत्रावळी, उष्टें, भाजीपाल्याचीं देठें व जनावरांचें शेण राहतें. पत्रावळी पानांच्या असल्या, तर हें सर्व इंदूर पद्धतीचेंच साहित्य आहे : पाला आहे, शेण आहे, चुलींची राख आहे, आणि पाऊसही तोंडावर आहे. आषाढाच्या आरंभीं रचलेला ढीग आषाढ, श्रावण व भाद्रपद यांत मिळून तीन वेळां उलथला, तर घटस्थापनेच्या सुमारास खत तयार होतें. नेमकी हीच मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर पेरण्याची वेळ. वारकऱ्यांचें उष्टें दिवाळीपर्यंत आपल्या ताटांत भाजी होऊन येईल. थर्मोकोलच्या व प्लॅस्टिकच्या ताटल्या मात्र शंभर आषाढांतही कुजणार नाहींत. म्हणून पानांच्या पत्रावळींचा आग्रह अन्नदात्यांनीं आधींच धरला पाहिजे.

तिसरा नियम भागीदारीचा, आणि तोच सर्वांत कठीण. गल्लींतील एखाद्या पडीक जागेवर बाग करावयाची झाली, तर जागा कोणाची, पाणी कोण घालणार, भाजी कोण नेणार, हे प्रश्न पहिल्या दिवशींच विचारले पाहिजेत. पुष्कळ चांगलीं कामें केवळ भिडेपोटीं बुडतात. आरंभीं सर्वजण येतात. उन्हाळा आला कीं एकच म्हातारी बादली घेऊन उरते. आणि वांगीं लागलीं म्हणजे पुन्हा सर्वजण येतात! यासाठीं जागेच्या मालकाशीं किंवा नगरपंचायतीशीं मुदतीचा लेखी करार असावा. पंचायतीनें कुंपण व केराची गाडी द्यावी. घरांनीं ओला केर वेगळा द्यावा. शाळेनें ढीग उलथण्याच्या तारखा सांभाळाव्या. सफाई कामगारांनीं काम शिकवावें, आणि पिकांतील पहिला वांटा त्यांस मिळावा. ज्याचा घाम त्याचा वांटा, एवढें एक सूत्र फळ्यावर लिहून ठेविलें तरी पुरे.

भागीदारी आपल्या तालुक्यास नवी नाहीं. सासवडकडून येऊन या भागांत ऊंस पिकविणाऱ्या माळी बागाइतदारांनीं १९३० नंतरच्या दशकांत आपलें भांडवल एकत्र करून अकलूजजवळ साखरेचा कारखाना उभारला. माळीनगर हें गांवच त्यामुळें वसलें. ज्या मातींत इतकी मोठी भागीदारी रुजली, तेथें एका गल्लीची बाग रुजणार नाहीं काय ?

पालकांस एक विनंति आहे. मुलगा हात मळवून घरीं आला तर त्यास रागें भरूं नये. हात कशानें मळले तें विचारावें. खताचा ढीग उलथणाऱ्या मुलास दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, जगांत टाकाऊ असें फार थोडें आहे. दुसरी, जो रोज आपला केर उचलतो तो आपल्याहून कमी नाहीं. ही दुसरी गोष्ट त्याला ज्या दिवशीं मनापासून पटेल, त्या दिवशीं त्याच्या गल्लीची दिवाळी झाली असें समजावें.

स्वाध्याय

१. आपल्या गल्लींतील पडीक जागा पावलांनीं मोजा व त्यांचा नकाशा काढा. प्रत्येक जागेवर दिवसांतून किती तास ऊन पडतें तें लिहा.

२. आपल्या घरांतील एका आठवड्याचा ओला व सुका केर निराळा ठेवून तोला. त्यांपैकीं मातीस परत देतां येईल असा भाग किती ?

३. आषाढ शुद्ध चतुर्थीस ढीग रचला, तर तो उलथण्याच्या तीन तिथि व खत तयार होण्याची तिथि काढा.

४. आपल्या गल्लींतील केर कोण उचलतें ? त्यांचें नांव तुम्हांस ठाऊक आहे काय ? नसल्यास उद्यां सकाळीं नमस्कार करून विचारा.